डॉक्टरांच्या ट्रकचं दुखणं

सगळी गल्ली त्यांना डॉक्टर म्हणायची, पण जन्मात त्यांनी कुणाची नाडी पाहिली नव्हती. ते ट्रक चालवायचे. कारखान्यातून फरशा भरायच्या, घाट चढून पलीकडच्या गोदामात उतरवायच्या आणि रिकामी गाडी घेऊन घरी यायचं, हे त्यांचं काम. गाडीचं काही दुखलं-खुपलं तरी ती मिस्त्रीकडे न्यायची नाही, हा त्यांचा बाणा. दारातच चादर अंथरायची, पाने मांडायचे आणि इंजिनात कोपरापर्यंत हात घालायचा. ऑपरेशन संपलं की चादरीवर दोन-तीन नट-बोल्ट हमखास उरायचे. "कंपनी चार जास्तीचेच देते," म्हणत ते खिशात टाकायचे. या कारभारामुळे त्यांचं नाव डॉक्टर पडलं आणि ओघानेच त्यांच्या बायकोचं डॉक्टरीणबाई.

डॉक्टरीणबाईला नावाचा राग नव्हता. राग होता तो चादरींचा. बारा वर्षांत तिच्या नऊ चादरी ग्रीसने गेल्या होत्या.

त्यात गंमत अशी, की तिचा धाकटा भाऊच मिस्त्री. घाटाच्या पायथ्याशी, मोठ्या रस्त्याच्या वळणावर, बापाने घातलेलं गॅरेज तो चालवायचा. लांबलांबचे ड्रायव्हर त्याच्याकडे यायचे. पण सहा महिन्यांपूर्वी आठ-दहा ड्रायव्हरांच्या देखत तो बोलून गेला, "दाजींनी पाना हातात घेतला की गाडीच्याच पोटात गोळा येतो." सगळे खो खो हसले. डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "या गॅरेजात पुन्हा पाऊल टाकणार नाही," असं बजावून ते तिथून निघाले. त्या दिवसापासून गॅरेज जवळ आलं की ते लांबलचक हॉर्न द्यायचे आणि मान दुसरीकडे वळवून निघून जायचे.

"थांबायचंच नाही तर हॉर्न कशाला देता?" बायकोने एकदा विचारलं.

"मी थांबत नाहीये हे त्याला कळायला नको?"

आणि अशातच गाडी आजारी पडली.

दुखणं मोठं चमत्कारिक होतं. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू व्हायची. तासभर मजेत पळायची. मग घाटाच्या ऐन मध्यावर, मागे पंधरा गाड्या लागलेल्या असताना, तिचा जोर हळूहळू उतरायचा. दोन उचक्या द्यायची आणि बंद. सेल्फ मारून मारून बॅटरी रडकुंडीला यायची. डॉक्टर खाली उतरून इंजिनाकडे डोळे वटारून बघत उभे राहायचे. अर्ध्या तासाने गाडी, जणू काही झालंच नाही, अशी पुन्हा सुरू.

"माझ्या धाकाने सुरू होते," ते घरी येऊन सांगायचे.

पहिल्या रविवारी त्यांनी डिझेलचा फिल्टर बदलला. सोमवारी गाडी घाटात बंद. दुसऱ्या रविवारी एअर फिल्टर झटकला, सगळे पाईप काढून पुन्हा बसवले. सोमवारी गाडी घाटात बंद. तिसऱ्या रविवारी सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, बाह्या सरसावल्या आणि जाहीर केलं, "पंप गेलाय. आज पंप खोलतो. एक चादर काढून ठेव."

डॉक्टरीणबाईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. गाडीतलं तिला फार कळत होतं असं नाही, पण बापाच्या गॅरेजात वाढलेली पोर ती. डिझेलचा पंप ही दारात चादरीवर उघडायची वस्तू नव्हे, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. आतलं काही केसभर सरकलं तर फरशा राहतील बाजूला आणि गाडीच भंगारात जाईल.

ती न्हाणीघरात गेली, कडी लावली, नळ सोडला आणि भावाला फोन लावला.

"अरे, गाडी तासाभराने बंद पडते, थोडं थांबलं की चालते, म्हणून तुझे दाजी पंप खोलायला निघालेत."

पलीकडे असं हसू फुटलं की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"हसतोस काय? काहीतरी सांग."

"ताई, काहीही कर, पण पंपाला हात लावू देऊ नकोस. तो एकदा उघडला की माझ्याही हातात राहत नाही. पण हे मी सांगितलं असं म्हणू नकोस हं. नाहीतर मुद्दाम उघडतील."

"मग काय सांगू?"

"सांग, की तुला आवाजावरून कळतं. बारा वर्षं ऐकते आहेस ना?"

"मला काय कळतंय, कपाळ!"

"मला कळतंय ना! तू नुसतं बोलायचं. आता एक कर. बंद पडताना धूर कसला येतो ते विचारून ये. काळा, पांढरा, की काहीच नाही? आणि फटकन बंद पडते का दम लागल्यासारखी?"

ती बाहेर आली. डॉक्टर पाने मांडत होते.

"अहो, बंद पडताना धूर येतो का हो?"

"धूर? नाही. का?"

"काही नाही, सहज."

पुन्हा न्हाणीघर, पुन्हा नळ. मग बाहेर येऊन, "अहो, पण बंद पडते ती एकदम पडते का हळूहळू?" पुन्हा न्हाणीघर. तिसऱ्या खेपेला ती बाहेर आली तेव्हा दारातल्या खुर्चीवर शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंनी वर न बघता विचारलं, "सूनबाई, पोट बिघडलंय का?"

"छे, नाही आई."

"मग नळ सोडून भावाशी कशाला बोलतेस? पाणी वाया जातं."

डॉक्टरीणबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, हळू बोला ना!"

"हळूच बोलतेय. माझा लेक बहिरा नाही, हट्टी आहे. मी काही सांगायची नाही त्याला." सासूबाईंनी एक शेंग सोलली. "पण उद्या मी काही मागितलं तर नाही म्हणू नकोस."

तेवढ्यात डॉक्टरांनी पंपावर पाना चढवला. आता वेळ काढून चालणार नव्हतं. भावाने पढवल्याप्रमाणे डॉक्टरीणबाई पुढे झाली, पान्यांतून हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि म्हणाली, "जरा गाडी सुरू करा."

"कशाला?"

"करा तर."

गाडी सुरू झाली. तिने स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. भाऊ म्हणाला होता, काही ऐकू आलं नाही तरी 'हं' म्हण. पण तिला चक्क ऐकू आलं. लोखंडातून टकटक टकटक असा आवाज थेट कानात शिरत होता, शेजारच्या खोलीत कुणीतरी एका तालात खिळे ठोकत असावं तसा. ती खूश होऊन ऐकतच राहिली. 'हं' म्हणायचं विसरली.

"झालं का?" डॉक्टर ओरडले.

"पंप चांगला आहे," ती डोळे उघडून म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"माझा पाळणा बापाच्या गॅरेजात टांगलेला होता. आवाज कसा एकसारखा येतोय! टाकीकडूनच डिझेल येत नसेल तर पंप काय करील बिचारा? टाकीकडून येणारा पाईप पंपाशी सोडा आणि त्यातून टाकीकडे तोंडाने फुंका. टाकीत गुडगुडलं तर वाट मोकळी, नाही गुडगुडलं तर टाकीतल्या जाळीत कचरा."

हे सगळं तिने पाठ केलेल्या धड्यासारखं एका दमात म्हणून टाकलं. डॉक्टरांनी गाडी बंद केली, घसा साफ केला आणि म्हणाले, "हे माझ्याही मनात आलंच होतं."

पाईप सुटला. सासूबाईंना टाकीला कान लावून उभं केलं. डॉक्टरांनी पाईप तोंडात धरला आणि गाल फुगवून फुंकर मारली.

"गुडगुडतंय!" सासूबाई म्हणाल्या.

"नीट ऐक, आई." दुसरी फुंकर.

"अरे गुडगुडतंय म्हणते ना!"

खात्री व्हावी म्हणून डॉक्टरांनी सगळा जीव एकवटून तिसरी फुंकर मारली, पाईप तोंडातून काढला आणि "बघ, वाट मोकळी..." एवढं म्हणेपर्यंत पाईपातून डिझेलची पिचकारी उडाली ती थेट त्यांच्या उघड्या तोंडात. मिशा भिजल्या, कॉलर भिजली. थुंकत, खोकत, पाईपाच्या तोंडावर अंगठा दाबून ते गाडीला शिव्या घालू लागले. सासूबाईंना हसू आवरेना, त्यांनी टाकीचाच आधार घेतला.

"गाडी थुंकली माझ्यावर!" असं ओरडत त्यांनी कसाबसा पाईप अडकवला आणि साबण शोधायला न्हाणीघराकडे धावले.

डॉक्टरीणबाई मात्र हसता हसता थांबली. फुंकलेली हवा टाकीत गेली. मग डिझेल उलटं का आलं? फुगा फुंकून तोंड काढलं की हवा उलटी येते, कारण तिला दुसरीकडे जायला जागा नसते. म्हणजे टाकीत गेलेल्या हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती. आणि जिथून हवा बाहेर पडत नाही तिथून ती आत तरी कशी येणार?

तिला घरातला तेलाचा डबा आठवला. एकच भोक पाडलं तर तेल अडखळत, थेंब थेंब येतं. समोर दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. टाकीलाही असं दुसरं भोक कुठेतरी असायलाच हवं. ती टाकीजवळ गेली. टाकीला वरून उघडणारं एकच होतं, ते म्हणजे झाकण. तिने झाकणाकडे बघितलं.

झाकण निळं होतं. सुंदर, चकचकीत निळं. ते निळं तिनेच केलं होतं.

बरोबर तीन आठवड्यांपूर्वी, एका दुपारी, डॉक्टर जेवून आडवे झालेले असताना, फाटकाला लावून उरलेला रंग वाळून जाऊ नये म्हणून तिने टाकीला एक हात दिला होता. झाकण गंजकं दिसलं म्हणून त्याला दोन. डॉक्टरांनी उठून बघितलं आणि "बरी दिसते," एवढं म्हणाले होते. दुसऱ्याच दिवशी गाडी पहिल्यांदा बंद पडली होती.

तिने झाकण फिरवलं. फुस्स! कोंडलेली हवा सुटली. झाकणाच्या मधोमध, मुंगी जेमतेम जाईल एवढं एक भोक होतं आणि त्यात निळ्या रंगाचा थेंब बूच मारल्यासारखा गच्च बसला होता. तासभर गाडी चालायची, डिझेल कमी व्हायचं, पण त्याच्या जागी हवा येत नव्हती. टाकीच आतून डिझेल ओढून धरायची आणि इंजिन उपाशी मरायचं. अर्ध्या तासात झाकणाच्या रबराखालून कशीबशी हवा शिरली की गाडी पुन्हा सुरू. कसला धाक आणि कसलं काय!

ती पळत घरात गेली, गाद्या शिवायची जाड सुई घेऊन आली आणि भोक मोकळं करू लागली.

"रंग छान लावला होतास पण," मागून सासूबाईंचा आवाज आला.

तिने मान न वळवता विचारलं, "काय पाहिजे, आई?"

"गाडीत बसायचंय. पुढे, खिडकीशी. बारा वर्षं हा रोज घाट चढतो. मी घाट बघितलेला नाही."

"बसवते."

डॉक्टर परत आले तेव्हा त्यांना साबणाचा आणि डिझेलचा मिळून एक तिसराच वास येत होता. त्यांनी मुकाट्याने पाना उचलला आणि पंपाकडे वळले.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तो पाईप नीट बसवा. तांब्याचा नवा वॉशर घाला, पाईपात शिरलेली हवा काढा आणि एकदा घाटाची फेरी मारून बघा. कालच्या फरशा भरलेल्याच आहेत."

"वॉशरने काय होणार?"

"नाही झालं तर खुशाल पंप खोला. मी कोरी चादर देते."

कोरी चादर! डॉक्टर चमकले. बाई एवढी ठाम असेल तर काहीतरी असणार. "आणि झालं तर?"

"झालं तर माझ्या भावाच्या गॅरेजात बसून चहा प्यायचा."

"हॅ! घाटातच बंद पडणार, कसला चहा!" म्हणत त्यांनी वॉशर शोधायला घेतला.

दुपारी तिघं निघाली. सासूबाई खिडकीशी, डॉक्टरीणबाई मध्ये. गॅरेजवरून जाताना डॉक्टरांनी नेहमीसारखा हॉर्न दिला. घाट सुरू झाला. गाडी दमदार चढत होती. डॉक्टरांचा एक कान सतत इंजिनाकडे. ती कधी बंद पडते याची ते अशी वाट बघत होते, की जणू पडली नाही तर त्यांचं नुकसानच होणार होतं. नेहमीचं वळण आलं.

"आता," डॉक्टर म्हणाले.

गाडी पुढे गेली.

"आता बघ."

गाडी आणखी पुढे गेली. सासूबाई खिडकीतून तोंड बाहेर काढून दरी बघत होत्या. "अगंबाई, केवढं खोल!" त्यांना इंजिनाचं काहीच पडलेलं नव्हतं.

माथा आला. डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले आणि टायरांना लाथा मारत एक फेरी मारली. आरशातून डॉक्टरीणबाई बघत होती. टाकीपाशी ते थांबले. वाकले. झाकणावरून बोट फिरवलं. निळ्या रंगात भोकाभोवती सुईचे ताजे ओरखडे पांढरेफटक चमकत असणार, हे तिच्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

डॉक्टर वर येऊन बसले. गाडी सुरू केली नाही. समोर बघत म्हणाले, "सुई कुठली वापरलीस?"

सासूबाईंनी दरीत आणखी तोंड घातलं.

"गाद्यांची," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"तीन रविवार!" डॉक्टर ओरडले. "तीन रविवार मी गाडीखाली पालथा पडतोय! पाईप काढतोय, पाईप घालतोय! आणि तू रंग..."

"बरी दिसते म्हणाला होतात."

डॉक्टर स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले. मग आवाज खाली आणून विचारलं, "तुझ्या भावाला माहितेय हे?"

"रंगाचं? नाही."

"मग सांगू नकोस. आपल्या घरचं आपल्यात. आणि मी ते डिझेल... तेही सांगू नकोस."

"नाही सांगत."

"आई, तूपण."

"मी कशाला बोलू?" सासूबाई म्हणाल्या.

फरशा उतरवून परत येताना डॉक्टरांनी गॅरेजसमोर हॉर्न दिला नाही. ते थांबले. चहाची पैज हरले होते, माघार घ्यायला जागा नव्हती. मिस्त्री हात पुसत पुढे आला. "या दाजी, या," असं तो इतक्या अदबीने म्हणाला की डॉक्टरीणबाईला तेव्हाच शंका आली. जुन्या टायरांवर बसायची सोय झाली, चहा आला.

"गाडी थोडी कुरकुरत होती," डॉक्टर मोठेपणाने म्हणाले. "एका वॉशरचं काम. बदलला. संपलं."

"वा, दाजी. वॉशर म्हणजे महत्त्वाची गोष्ट."

"लोकांना कळत नाही."

"खरंय." मिस्त्रीचा एक गाल थरथरत होता. "चहा कसा झालाय? डिझेलचा वास नाही ना येत तोंडाला?"

कप ओठांपाशीच थांबला. "डिझेल? तुला कुणी सांगितलं?"

"मी नाही!" डॉक्टरीणबाई म्हणाली आणि त्या दोन शब्दांत सगळं बिंग फुटलं. उरलंसुरलं सासूबाईंनी पूर्ण केलं. फोन, नळ, धूर, निळा रंग, सुई, पिचकारी, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "मी बोलणार नव्हते," त्या शेवटी म्हणाल्या, "पण आता विषय निघालाच आहे."

मिस्त्री टायरवरून घसरून खाली बसला होता. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरीणबाईने त्याचा कान पकडला. "पिचकारीचं तर मी तुला सांगितलंच नव्हतं. तुला कसं कळलं?"

"आई गं, सोड! तासाने बंद पडते, थांबलं की चालते, धूर नाही. तू दुसऱ्यांदा नळ सोडलास तेव्हाच कळलं होतं मला, झाकणाचं भोक बुजलंय म्हणून."

"मग झाकण उघडून फुंका, असं का नाही सांगितलंस?"

"झाकण उघडं असतं तर डिझेल उलटं आलं असतं का?"

डॉक्टरांनी कप हळूच खाली ठेवला. "म्हणजे मुद्दाम पाजलंस मला?"

"सहा महिने हॉर्न ऐकतोय, दाजी. रोज दोनदा."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला, मग आणखी लाल झाला, आणि मग आतून काहीतरी सुटल्यासारखं ते हसायला लागले. इतके, की सासूबाईंना त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. मिस्त्रीने दुसरा चहा मागवला. थोड्या वेळाने दोघं कुठल्याशा उघड्या इंजिनात डोकी घालून एकमेकांना वेड्यात काढत होते.

डॉक्टरीणबाई मात्र टायरवर गप्प बसून होती. भावाने तिच्या तोंडून सगळं बोलवून घेतलं होतं आणि तिला पत्ताही नव्हता, याचं तिला आत कुठेतरी लागलं होतं. मिस्त्री बाहेर आला. तिचं तोंड बघून समोर उकिडवा बसला.

"ताई, झाकणाचं मी संध्याकाळी सांगणार होतो, शप्पथ. त्याआधीच तू शोधलंस. कशावरून?"

"तेलाच्या डब्यावरून."

"मी शिकायला आलो," तो म्हणाला, "तेव्हा ही एक गोष्ट कळायला मला दोन वर्षं लागली होती. बाबांच्या किती शिव्या खाल्ल्या!" तो उठला, आत गेला आणि कापडात गुंडाळलेला रिंग पान्यांचा एक संच आणून त्याने तिच्या मांडीवर ठेवला.

"घरात आहेत की पाने," डॉक्टर आतून ओरडले.

"ते तुमचे," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि कापडाची गाठ सोडून एकेक पाना उजेडात धरून बघू लागली.

पुढच्या रविवारी इंजिनचं तेल बदलायचं होतं. डॉक्टरीणबाई जुना शर्ट घालून, पुठ्ठा अंथरून गाडीखाली सरकली. डॉक्टर टॉर्च घेऊन बाजूला उकिडवे बसले होते आणि दर मिनिटाला सूचना करत होते.

"डावीकडे फिरव. डावीकडे. माझ्या डावीकडे नाही, तुझ्या..."

"उजेड इथे धरा," ती खालून म्हणाली. "तिथे नाही हो, इथे! आणि ती बादली सरकवा लवकर, बोल्ट सुटला!"

काळं, कोमट तेल तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. बादली येईपर्यंत अर्धं पुठ्ठ्यावर आणि अर्धं डॉक्टरांच्या चपलेवर गेलं होतं. दारातून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही, आई," गाडीखालून उत्तर आलं. "चाललंय नीट."